नदीकाठचे घर व त्याची परवानगी

भोर व वेल्हे या दोन तालुक्यांचा नकाशा आम्ही एके दिवशी वर्गात भिंतीवर लावला आणि त्यावरील गावे व नद्या यांचा मेळ घालू लागलो. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. तथापि लोकांच्या तोंडी जुने नाव रुळलेले असल्यामुळे आम्हीही या लेखात तेच योजिले आहे. नकाशा पाहता पाहता असे ध्यानात आले की, डोंगरांच्या रांगा वगळल्या तर येथील बहुतेक वस्ती कोणत्या ना कोणत्या पाण्याच्या ओढीने बसलेली आहे. सह्याद्रीच्या माथ्याकडून, वरंध घाटाच्या बाजूने, नीरा येते व भोर शहराजवळून पूर्वेस जाते. राजगडाच्या दक्षिणेकडील खोऱ्यातून वेळवंडी येते. तोरण्याच्या पायथ्याशी कानंदी, राजगडाच्या उत्तरेस गुंजवणी व नसरापूरच्या बाजूस शिवगंगा वाहते. हे सर्व पाणी अखेरीस नीरेत जाते, आणि नीरा नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. वेल्ह्याच्या उत्तर भागातील आंबी व मोसी या नद्यांचे पाणी मात्र मुठेच्या वाटेने पुण्याकडे वळते.

नकाशा पाहून झाल्यावर नीरेकाठच्या एका गावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, “गुरुजी, आमच्या वडिलांना नदीकाठच्या शेतात घर बांधायचं आहे. परवानगी मिळेल का?” प्रश्न एका वाक्याचा होता; परंतु त्याचे उत्तर शोधण्यात आमचे तीन आठवडे गेले. त्या शोधात आम्ही जे शिकलो ते आमच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. नदीकाठच्या गावांतून आपल्या शाळेत येणारी मुले थोडी नाहीत, आणि आज जी मुले बाकावर बसली आहेत तीच उद्या घरे बांधणार आहेत.

काळी आणि पांढर

आपल्याकडील जुन्या ग्रामरचनेत गावाच्या जमिनीचे दोन भाग मानीत असत : एक काळी व दुसरी पांढर. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढर म्हणजे वस्तीची. नदीलगतची खोल गाळाची मळई ही उत्तम जमीन. ती नांगरास सोडून द्यावयाची आणि आपण स्वतः मागच्या मुरमाड उंचवट्यावर राहावयाचे, अशी सर्वसाधारण वहिवाट होती. नदीच्या अगदी जवळ जे बांधीत ते घाट, देऊळ अथवा स्मशान. दगडी घाटावरून चार दिवस पाणी गेले तरी घाटाचे काही बिघडत नाही. पाणी ओसरले की तो पुन्हा धुऊन उभा राहतो. कणगीतले धान्य, गोठ्यातील जनावर व पाळण्यातील मूल यांचे तसे नसते. नदीला वर्षातून काही दिवस अंग पसरावयास जागा लागते, हे आपल्या पूर्वजांनी कोणत्याही कायद्यावाचून ओळखले होते.

ही वहिवाट मोडली याला कारणे आहेत, व ती सर्वच निंद्य आहेत असे नाही. भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पुरे झाले. पुढे आंबीवर पानशेत, मोसीवर वरसगाव, नीरेवर नीरा देवघर आणि वेल्ह्याच्या भागात गुंजवणी अशी धरणे झाली. डोंगराळ मुलखात सपाट जमीन मुळातच थोडी; तीतील बरीचशी जलाशयांच्या पोटात गेली. उरलेली सपाटी धरणांच्या खालच्या अंगास नदीकाठी आहे. घराण्यात वाटण्या झाल्या, कुटुंबे वाढली, जुने गावठाण अपुरे पडू लागले. त्यातच पुण्याहून येणाऱ्या हौशी लोकांस ‘पाणी दिसेल’ अशीच जागा हवी असते, व त्यामुळे काठच्या जमिनीचा भाव चढतो.

याहून मोठे कारण एका गैरसमजात आहे. धरण झाले, आता नदी ताब्यात आली, असे लोकांस वाटते. फाल्गुन-चैत्रात पात्र कोरडे पाहणाऱ्यास ते खरेही वाटावे. परंतु धरण पाणी साठविण्यासाठी असते. श्रावणाच्या सुमारास ते काठोकाठ भरले, म्हणजे पुढे डोंगरावर पडणारे पाणी त्यास पोटात घेता येत नाही. जितके येईल तितके खाली सोडणे भाग पडते. वर्षानुवर्षे पात्र शांत पाहून काठी आलेला मनुष्य नेमका अशा दिवशी फसतो.

वेल्ह्याच्या पाण्याने पुण्यास दिलेला धडा

या गोष्टीचा सर्वांत कठोर दाखला वेल्हे तालुक्यातूनच मिळाला आहे. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण १९६१ च्या पावसाळ्यात पुरते तयार झालेले नव्हते; तरी त्यात पाणी साठले. ११ जुलैच्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते राखण्याची शिकस्त केली. परंतु १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्याच्या जुन्या धरणावर आला, व तेही त्याच दिवशी फुटले. पुण्यात मुठेच्या काठच्या पेठांत घरेच्या घरे कोसळली. पुढे पूरग्रस्तांसाठी शहरात वसाहती वसविण्यात आल्या; गोखलेनगर हे त्यांपैकी एक नाव आजही लोकांच्या परिचयाचे आहे.

कोणी म्हणेल की, धरण फुटणे हा अपघात होय. त्यावरून घराचा नियम कसा काढावा? त्यास आमचे उत्तर असे की, दुसरा दाखला अगदी अलीकडचा आहे व त्यात कोणतेही धरण फुटले नव्हते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सेकंदास सुमारे ३५,००० घनफूट पाणी मुठेत सोडावे लागले, आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात झोपलेली माणसे उठून पाहतात तो तळमजल्यांत पाणी शिरलेले. पाणी आपल्या जुन्या जागेवर आले होते. मधल्या काळात तेथे माणसे राहावयास गेली होती.

निळी रेषा व लाल रेषा

नदीची ही जुनी जागा कोणती, हे ठरविण्याची एक शास्त्रीय रीत आहे. आराखडा करणारे अभियंते नदीचे ठिकठिकाणी आडवे छेद मोजतात, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत तळ किती खोल व कसा आहे ते पाहतात. उतार किती, पात्रात खडक-झुडपे किती, पाऊस किती, वरच्या धरणातून किती पाणी येऊ शकते, या सर्वांचा हिशेब करून अमुक विसर्गाला पाणी कोणत्या उंचीपर्यंत चढेल हे काढतात. ती उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते व तीस तलांक म्हणतात. त्या तलांकाची जमिनीवरून जाणारी रेषा ती पूररेषा.

महाराष्ट्राच्या पाटबंधारे विभागाने १९८९ साली अशा दोन रेषांचे नियम घालून दिले. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, अथवा नदीच्या पात्रात मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो मोठा असेल त्याची रेषा ती निळी. सरासरीने १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा हा निषिद्ध होय, आणि निळीपासून लालपर्यंतचा पट्टा हा नियंत्रित होय. त्यापूर्वी, १९७५ सालीच, केंद्रीय जल आयोगाने पूरमैदानांच्या विभागणीविषयी एक नमुना विधेयक सर्व राज्यांकडे पाठविले होते. म्हणजे हा विचार केवळ एका खात्याची लहर नव्हे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिने या दोन पट्ट्यांतील बांधकामाचे नियम स्पष्ट केले आहेत. निषिद्ध पट्ट्यात राहती घरे नवीन बांधता येत नाहीत. बाग, हिरवळ, वाहने उभी करण्याची जागा, उघडी भाजीमंडई, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र, पाण्याचे नळ असे काही उपयोग मात्र चालतात. नियंत्रित पट्ट्यात घर बांधता येते. परंतु त्याचे जोते लाल रेषेच्या तलांकापेक्षा निदान ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, उंच असले पाहिजे. ही यादी वाचून आम्हांस मौज वाटली. मळा, घाट, स्मशान ही आपल्या पूर्वजांची नदीकाठची यादी. आणि शासनाने आकडेमोड करून काढलेली यादी जवळजवळ तीच निघाली.

‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ

या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. मागील पूर दहा वर्षांपूर्वी आला, आता नव्वद वर्षे चिंता नाही, असे समजणे चूक होय. शब्दाचा खरा अर्थ असा की, कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याचा संभव शंभरात एक असतो. नदी मागील वर्षाची वही ठेवीत नाही. प्रत्येक पावसाळा तिच्या दृष्टीने पहिलाच असतो.

विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. निळ्या रेषेचा पूर एका वर्षी न येण्याचा संभव २५ त २४. घराचे आयुष्य तीस वर्षे धरले, तर तीसही वर्षे तो न येण्याचा संभव म्हणजे २४/२५ चा तिसावा घात. तो सुमारे ०.२९ येतो. याचाच अर्थ, निळ्या रेषेच्या आत बांधलेल्या घरात तीस वर्षांत एकदा तरी पाणी शिरण्याचा संभव १०० त सुमारे ७१ आहे. लाल रेषेसाठी तोच हिशेब केला तर उत्तर १०० त २६ येते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे शंभरात एकाहत्तर वेळा बुडतील अशा ठिकाणी कोणी गुंतवील काय? मग ते पैसे विटा-सिमेंटात घालून नदीकाठी ठेवावयास मात्र आपण तयार होतो, याचे कारण एवढेच की हे गणित आपणांस कोणी करून दाखविलेले नसते.

अर्ज कसा होतो

आता त्या विद्यार्थ्याच्या घराकडे वळू. त्याच्या वडिलांचे शेत एक एकराचे. वरच्या अंगास रस्ता व त्यालगत मुरमाड तुकडा, मध्ये उतार, खाली नदीपर्यंत सपाट काळी जमीन. विहीर व मोटार खालीच. घरही खालीच बांधावे असे त्यांचे मत. आजोबांचे म्हणणे मात्र एवढेच होते की, “पाणी बांधावरच्या आंब्यापर्यंत येतं, मी दोनदा पाहिलंय.”

अशा अर्जास पहिली गोष्ट लागते ती जमिनीची ओळख. सातबारा व आठ-अ यांचे उतारे, गट क्रमांक आणि भूमि अभिलेख खात्याकडून करून घेतलेल्या मोजणीचा नकाशा हे कागद हाती असावे लागतात. जमीन शेतीची असेल, तर तिच्या वापराविषयीचे महसुली नियम निराळे पाळावे लागतात.

दुसरी गोष्ट, अर्ज कोणाकडे द्यावयाचा हे जाणणे. भोर शहराच्या हद्दीत नगरपरिषद आहे. दोन्ही तालुक्यांतील काही गावे २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतात. इतर गावांची व्यवस्था निराळी आहे. गावठाणाच्या आतील व बाहेरील जागेचे नियमही सारखे नसतात. म्हणून आपला गट कोणत्या हद्दीत व कोणत्या वापराच्या विभागात पडतो, याचा दाखला प्रथम घ्यावा. चुकीच्या दारावर वर्षभर उभे राहणारे अर्जदार आम्ही पाहिले आहेत.

तिसरी व आपल्या विषयातील मुख्य गोष्ट म्हणजे पूररेषा. जलसंपदा विभागाकडे अर्ज करून आपल्या गटात निळी व लाल रेषा कोठून जातात व त्यांचे तलांक किती आहेत, हे लेखी मागून घ्यावे. मग परवानाधारक वास्तुविशारद अथवा अभियंता यांच्याकडून शेताची पातळी मोजवून ती त्याच समुद्रसपाटीच्या मापाने नकाशावर मांडावी. ‘जमिनीपासून चार फूट उंच जोते’ असे लिहून भागत नाही. खोलगट जागेतील चार फूट आणि उंचवट्यावरील चार फूट हे पुराच्या दृष्टीने एक नव्हेत.

हे सर्व जुळल्यावर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियमाच्या ४४ व्या कलमाखाली अर्ज होतो. ४५ व्या कलमाखाली परवानगी देणे, अटींवर देणे अथवा नाकारणे हा नियोजन प्राधिकरणाचा अधिकार आहे. साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे खरी. परंतु ती जो आराखडा नियमांस धरून आहे त्यालाच लागू पडते. निळ्या रेषेच्या आतील घर साठ दिवस थांबल्याने कायदेशीर होत नाही. नकार अन्यायाचा वाटल्यास ४७ व्या कलमाखाली अपील करता येते. परवानगी मिळाल्यावर ती एक वर्ष टिकते, आणि पुढे मुदत वाढवून घ्यावी लागते. जोते पुरे होताच त्याची तपासणी करून घ्यावी, व घर पुरे झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेतल्यावाचून राहावयास जाऊ नये. नदीकाठच्या घराच्या बाबतीत जोत्याची तपासणी ही सर्वांत मोलाची पायरी होय. कारण भिंती चढल्यावर जोते उंच करता येत नाही.

जोत्याचे गणित

येथवर आल्यावर वर्गातील एका मुलीने शंका काढली. खालच्या जमिनीवर पुरेसा मुरूम टाकून ती लाल रेषेच्या वर नेली, तर हरकत काय? घर तर बुडणार नाही! शंका बुद्धीची होती, आणि तिचे उत्तर देताना या सर्व नियमांचे मर्म आमच्या हाती आले.

समजा, नदीचे पुराच्या वेळचे पात्र १०० मीटर रुंद, ५ मीटर खोल, व पाण्याचा वेग सेकंदास २ मीटर आहे. तिघांचा गुणाकार १,००० घनमीटर; म्हणजे सेकंदास सुमारे ३५,००० घनफूट. वर सांगितलेल्या २०२४ च्या पहाटे मुठेत सोडलेले पाणी साधारण इतकेच होते. आता दोन्ही काठच्या लोकांनी दहा-दहा मीटर भराव घातला. पात्र ८० मीटर राहिले. पण वरून येणारे पाणी एका थेंबाने कमी झाले नाही. ते वर चढूनच वाट काढणार. खोली वाढली की वेगही काहीसा वाढतो. त्याची सूट देऊन हिशेब केला तर नवी खोली सुमारे ५.७ मीटर येते. म्हणजे पाणी सुमारे ०.७ मीटर, सव्वादोन फुटांहून थोडे अधिक, उंच चढले.

हे गणित स्थूल आहे, हे सांगितले पाहिजे. काठावरील पाणी मधल्या पाण्यापेक्षा संथ असते, आणि भराव थोड्याच लांबीचा असेल तर वाढ कमी होईल. परंतु काठोकाठ प्रत्येकाने तसेच करावयाचे मनात घेतले तर काय होईल, ते या आकड्यांत दिसते. ज्याने नियमाप्रमाणे लाल रेषेच्या वर दीड फूट जोते बांधले, त्याची ती दीड फुटाची सुरक्षितता शेजाऱ्यांच्या भरावाने खाऊन टाकली. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता; तरी पाणी त्याच्या माजघरात आले. भराव घालणाराचे घर कोरडे, व पलीकडच्या काठावरील अथवा वरच्या अंगाच्या म्हातारीची झोपडी पाण्याखाली.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या तासास ऐकलेला आहे. त्या मनुष्याच्या मूर्खपणाचे फळ त्याचे त्यालाच मिळाले. नदीकाठी तसे होत नाही. येथे एकाच्या शहाणपणाचे फळ दुसऱ्यास भोगावे लागते. म्हणून परवानगीच्या कागदावर सही अधिकाऱ्याची असली, तरी तो कागद वस्तुतः शेजाऱ्यांमधील करार आहे. मी नदीची जागा घेणार नाही, म्हणजे नदी तुझी जागा घेणार नाही, असे आपण त्यात परस्परांस लिहून देतो.

नकाराचा प्रश्न

हे सर्व पटले, तरी एक काटा उरतोच. ज्याची सारी जमीन निळ्या रेषेच्या आत आहे त्याने काय करावे? त्याला ‘शेती कर, घर बांधू नकोस’ असे सांगणे सोपे आहे. ऐकणे सोपे नाही. नियमावलीने काही वाटा ठेवल्या आहेत. भूखंडाचा थोडा भाग रेषेबाहेर असेल, तर आतील भागाचे चटईक्षेत्र बाहेरच्या भागावर वापरता येऊ शकते. पूर्वीचे अधिकृत घर निषिद्ध पट्ट्यात असेल, तर जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीने व जोते लाल रेषेच्या वर दीड फूट ठेवून ते पुन्हा बांधण्याची मुभा मिळू शकते. परंतु ज्यास यांपैकी काहीच लागू नाही, त्याच्यासाठी गावठाण वाढविणे अथवा दुसरी जागा देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. ज्यांची गावे धरणांखाली गेली त्यांच्याच नातवंडांना धरणाखालच्या काठावरून हटविताना तर हे कर्तव्य दुप्पट होते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. नियम गवंड्याच्या झोपडीवर चालला व कुंपणाआडच्या बंगल्यापाशी थांबला, तर लोकांचा त्यावरील विश्वास उडतो. आणि विश्वास उडालेला नियम पुराच्या दिवशी कोणाच्याच कामास येत नाही. शेतघराच्या नावाखाली बंगला, संरक्षक भिंतीच्या नावाखाली भराव, आणि ‘पुढे दंड भरून नियमित करून घेऊ’ हा भरवसा, या तीन वाटांनी काठ बुजत जातो. अनधिकृत बांधकाम पाडण्याची नोटीस ५३ व्या कलमाखाली देता येते. पण दंडाची पावती नदीस दाखवून ती मागे फिरत नाही.

यावरून एक व्यवहाराचा नियम निघतो, तो असा : विसार देण्यापूर्वी रेषा पाहावी. जमीन घेतल्यावर रेषा विचारणारा मनुष्य अर्जदार न राहता याचक होतो. आणि शासनाकडेही आपले एक मागणे असावे की, या रेषा केवळ कचेरीतील नकाशावर न राहता गावोगाव जमिनीवर दगड रोवून दाखवाव्यात. शेताचा बांध जसा सर्वांस दिसतो, तसा नदीचा बांधही दिसला पाहिजे.

युरोपातील नेदरलँड्स हा देश शतकानुशतके बांध उंच करीत पाण्याशी झगडत आला. तेथे १९९३ व १९९५ साली मोठे पूर आले. दुसऱ्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांस घरे सोडून हलावे लागले. त्यानंतर त्या लोकांनी आपले धोरण बदलले. बांध अधिक उंच करण्याऐवजी काही ठिकाणी ते मागे सरकविले, पूरमैदाने खोल केली, आणि त्या योजनेस ‘नदीला जागा’ अशा अर्थाचे नाव दिले. बांध घालण्यात ज्यांचा हात जगात कोणी धरणार नाही, त्यांनीच शेवटी नदीस वाट करून दिली, हे विचार करण्यासारखे आहे.

शेवट

त्या विद्यार्थ्याच्या शेताची मोजणी झाली. निळी रेषा बांधावरच्या आंब्याच्या बुंध्यापासून अवघ्या काही हातांवरून गेली. अभियंत्याच्या दुर्बिणीने जे दाखविले ते आजोबांनी आधीच सांगितले होते. खालची जवळजवळ अर्धी जमीन निषिद्ध पट्ट्यात पडली, मधला उतार नियंत्रित पट्ट्यात, आणि रस्त्यालगतचा मुरमाड तुकडा दोन्ही रेषांच्या बाहेर राहिला. ज्या तुकड्यात गवतही धड उगवत नाही म्हणून वडील त्रासलेले असत, तोच घराच्या कामाचा ठरला. त्यांनी अर्ज त्या तुकड्यासाठी केला. खालची काळी जमीन भातास राहिली.

आजोबा आमच्याकडे पाहून हसले व म्हणाले, “पांढर वर, काळी खाली. एवढ्यासाठी तीन आठवडे?” आम्ही निरुत्तर झालो. परंतु सर्वांच्या घरी असे आजोबा नसतात, आणि असले तरी त्यांचे सर्वच ऐकतात असे नाही. म्हणून रेषा काढावी लागते, अर्ज करावा लागतो, व शाळेत हा पाठ शिकवावा लागतो.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील सर्वांत वृद्ध तीन माणसांस भेटा. नदीचे पाणी कोणत्या साली कोठपर्यंत आले होते ते विचारा. तिघांचे सांगणे जुळते त्या ठिकाणी भिंतीवर अथवा दगडावर खूण करून साल लिहा.

२. गावाच्या नकाशावर जुने गावठाण, घाट, देऊळ व स्मशान दाखवा. त्यानंतर गेल्या वीस वर्षांतील नवी घरे निराळ्या रंगाने दाखवा. दोहोंतील अंतर पाहून काय वाटते ते दहा ओळींत लिहा.

३. पन्नास वर्षे टिकणाऱ्या घरास निळ्या रेषेचा पूर एकदा तरी गाठण्याचा संभव किती, हे वरील रीतीने काढा. उत्तर घरी वडीलमाणसांस वाचून दाखवा.